कमिशनरसाहेबांच्या केबिनशेजारचं टेबल

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"काका, स. न. वि. वि. मी बडोद्यात मांजलपूरला राहते. वय ४३. नोकरी बडोद्यात नाही, गुजरातमधल्याच दुसऱ्या एका महापालिकेत आहे. कुठल्या ते कृपया छापू नका. रोज गाडीने अप-डाउन करते. सिव्हिल इंजिनियर, पाणीपुरवठा शाखेत नायब कार्यपालक इजनेर, म्हणजे डेप्युटी एक्झिक्युटिव्ह इंजिनियर.

मागच्या महिन्यात कमिशनरसाहेबांनी बोलावून सांगितलं की त्यांना 'स्पेशल प्रोजेक्ट्स'साठी मॅनेजर हवा आहे आणि ते मी बघावं. शहरातले चार तलाव आणि त्यांना जोडणारी वरसादी कांस (पावसाचं पाणी वाहून नेणारा नाला) यांचा एकत्र प्रकल्प, शाळांच्या गच्चीवरचं पाणी जमिनीत मुरवण्याचं काम, आणि 'वेळोवेळी सांगू ते'. टेबल त्यांच्या केबिनशेजारच्या खोलीत. स्टाफ म्हणून एक कॉम्प्युटर ऑपरेटर, तोही अर्धा दिवस. पगार तोच, ग्रेड तोच.

माझे वरिष्ठ म्हणतात, 'बेन, गाडी साइडिंगला लागली समजा.' नवरा म्हणतो, अशी संधी पुन्हा येणार नाही. सासूबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्या म्हणतात, ज्या टेबलाला रजिस्टर नाही त्या टेबलावर बसू नये.

मला हे काम आवडेल असं वाटतं. पण दुसऱ्या शाखांचे कार्यपालक इजनेर माझ्यापेक्षा वरचे, ते माझं का ऐकतील? साहेबांची बदली झाली तर माझं काय? आणि हे पद नेमकं असतं तरी काय? इंटरनेटवर शोधलं तर सगळी अमेरिकेतल्या शहरांची वर्णनं. त्यावरून आमच्या ऑफिसात काय होईल ते कळेना. दिवाळीनंतर हुकूम काढू, असं साहेब म्हणालेत."

ताई,

सासूबाईंना माझा नमस्कार कळवा. चॉक आणि हजेरीपट हाताळलेल्या माणसाला सरकारी कामाची नाडी बरोबर सापडते. तरी माझं उत्तर त्यांच्या थोडं विरुद्ध आहे. टेबल घ्या, आणि त्याचं रजिस्टर हुकूम निघायच्या आधी तुम्हीच बनवून घ्या. एकदा हुकूम सही होऊन बाहेर पडला की त्यातली एक ओळ बदलायला किती महिने लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

ही बढती नव्हे, तेव्हा पेढे वाटू नका. तुमच्याकडे चार्ज येतोय, पद येत नाही. तुमचं मूळ पद पाणीपुरवठ्यातलं आणि ज्येष्ठता तिथलीच राहणार. साइडिंगचं म्हणाल तर तुमचे वरिष्ठ चूक आहेत असं मी म्हणणार नाही, कारण अशा टेबलावर बसवून विसरलेली माणसं प्रत्येक महापालिकेत असतात. ओळखायची खूण मात्र साधी आहे. तुमच्याकडे फाइल येते, की नुसतं मीटिंगचं बोलावणं येतं? फाइल तुमच्या टेबलावरून जात असेल आणि तिच्यावर तुमचा शेरा पडत असेल, तर गाडी मेन लाइनवर आहे. नुसती बोलावणी येत असतील, तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

आता काम काय, ते. ज्या कामाला एक शाखा पुरते त्याला खास मॅनेजर लागत नाही. पाण्याची लाइन फुटली, तुमची शाखा जाते, जोडते, मेजरमेंट बुकात लिहिते, विषय संपला. मॅनेजर लागतो तो ज्या कामाचे तुकडे सात-आठ ठिकाणी पडलेत आणि ज्याच्यामुळे कुणा एकाचीही झोप उडत नाही, अशा कामाला. तुम्ही बडोद्याच्या, म्हणून आपल्या विश्वामित्रीचंच घ्या. पावागडकडून येते, गावाच्या मधून नागमोडी जाते, पुढे ढाढरला मिळते. ही नदी कुणाची? वरचं आजवा सरोवर महापालिकेचं. पात्राची जमीन महसूल खात्याच्या दप्तरात. मगरी वनखात्याच्या, १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे त्यांना धक्का लावायची सोय नाही. वरसादी गटारं एका शाखेची, ड्रेनेज दुसरीचं, पूल तिसरीचे. काठावरची बांधकामं दबाण म्हणजे अतिक्रमण शाखेकडे, काठच्या जमिनीची टीपी (नगररचना) स्कीम आणखी कुणाकडे. हद्द संपली की वुडा, म्हणजे शहराबाहेरचं विकास प्राधिकरण. रेल्वेचा पूल रेल्वेचा, हायवेचा हायवेवाल्यांचा. भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस यांचं पाणी कुठून कुठे जातं ते त्या त्या भागातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं, नकाशाला कधी असतं कधी नसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये काळा घोडा पुलापाशी पाणी ३५ फुटांच्या आसपास चढलं, सोसायट्यांच्या आवारात मगरी फिरल्या, आणि प्रत्येक खात्याने आपापला तुकडा नियमाप्रमाणे सांभाळलेला असूनही शहर बुडू शकतं, हे सगळ्यांनी पाहिलं.

मग २०२५ च्या उन्हाळ्यात पात्र खोल आणि रुंद करायचं काम निघालं, पावसाच्या आत उरकायच्या घाईने. त्यातली एकच अडचण जवळून बघा, म्हणजे तुमचं नवं काम डोळ्यांपुढे येईल. पोकलेनवाल्या ईजारदाराला, म्हणजे ठेकेदाराला, मार्च ते जून हवा, कारण तेव्हा पात्रात पाणी कमी असतं. मगरीण साधारण फेब्रुवारी-मार्चपासून काठाच्या मऊ मातीत खड्डा करून अंडी घालते, आणि पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. म्हणजे मशीनला जे महिने हवेत तेच महिने तिलाही हवेत, आणि जो काठ मशीनला कापायचा तोच तिचा. इजनेराच्या बार चार्टमध्ये मगर नसते. वनखात्याच्या टिपणात वर्क ऑर्डरची मुदत नसते. दोन्ही कागद आपापल्या जागी बिनचूक. ते एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे, वनखात्याच्या माणसाला आणि साइट इजनेराला घेऊन काठाने चालायचं, चेनेजप्रमाणे (काठाने मोजलेल्या अंतराप्रमाणे) खुंट्या मारून ठरवायचं की या पट्ट्यात आधी मशीन, या पट्ट्यात पिल्लं बाहेर पडेपर्यंत हात लावायचा नाही, आणि या पट्ट्यात काठ कापायचाच नाही, नुसता गाळ काढायचा. मग त्याप्रमाणे ईजारदाराचा कार्यक्रम बदलून घ्यायचा आणि तो बदल कागदावर आणायचा. हे करणारा माणूस म्हणजे स्पेशल प्रोजेक्ट्सचा मॅनेजर. त्याला मगरींमधलं कळायची गरज नाही, काँक्रीटमधलंही फार कळलं नाही तरी चालतं. कुठला कागद कुठल्या कागदाला छेद देतोय, हे मात्र त्याला दुसऱ्या कुणाच्याही आधी कळलं पाहिजे.

(याच नदीवर साबरमतीसारखा रिव्हरफ्रंट करायचं स्वप्नही आपण पाहिलं होतं. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये लवादाने नदी जपण्याबाबत आदेश दिले. दगडी काठाचं चित्र काढायच्या आधी कुणीतरी वरचे सगळे कागद एका टेबलावर ठेवले असते, तर बरीच वर्षं वाचली असती असं माझं मत आहे. असो.)

अमेरिकेतली वर्णनं तुम्ही वाचलीत, ती फेकून देऊ नका, पण त्यांचा सांगाडा समजून घ्या. तिथल्या बऱ्याच शहरांत निवडून आलेलं कौन्सिल धोरण ठरवतं आणि रोजचा कारभार पगारी, व्यावसायिक सिटी मॅनेजर बघतो. व्हर्जिनियातल्या स्टॉन्टन या लहानशा शहराने १९०८ मध्ये असा पहिला मॅनेजर नेमला. पण मोठ्या शहरात ही पद्धत गेली ती पुरामुळे, म्हणून आपण बडोदेकरांनी ती गोष्ट ऐकावी. ओहायोतलं डेटन मार्च १९१३ मध्ये बुडालं, शेकडो माणसं गेली. लोकांनी त्याच वर्षी शहराची सनद बदलली आणि १९१४ च्या जानेवारीपासून एका इंजिनियरच्या हातात कारभार दिला. स्पेशल प्रोजेक्ट्स मॅनेजर हा अशाच सिटी मॅनेजरच्या ऑफिसातला माणूस असतो. त्याचं स्वतःचं खातं नसतं, अनुदानाचे अर्ज, कौन्सिलपुढचे अहवाल आणि खात्याखात्यांतली शिवणकामं त्याच्याकडे असतात.

डेटनचं पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुराचा धडा त्यांनी त्या उत्साही ऑफिसात ठेवला नाही. नदी गावाच्या हद्दीत मावत नाही हे ओळखून १९१५ मध्ये अख्ख्या खोऱ्यासाठी वेगळी कायम संस्था उभी केली, तिला ज्या जमिनी वाचणार त्यांच्यावर आकारणी करायचा अधिकार दिला, आणि १९२२ पर्यंत पाच कोरडी धरणं, म्हणजे फक्त पुराच्या वेळी पाणी अडवणारी, बांधून पुरी केली. तसा पूर डेटनमध्ये पुन्हा आला नाही. ज्यांनी ते सुरू केलं त्यांच्या खुर्च्या कधीच रिकाम्या झाल्या, पण धरणांची देखभाल अजून चालू आहे, कारण ती कुणाच्या तरी रोजच्या कामात आहे.

तिथे आणि इथे एक मोठा फरक आहे, तो ध्यानात ठेवा. तिथला मॅनेजर कौन्सिलने नेमलेला. आपला कमिशनर राज्य सरकारने पाठवलेला, दोन-तीन वर्षांत जाणारा. आपल्या १९४९ च्या महापालिका कायद्यात कारभाराच्या तीन गाद्या आहेत: सभा, स्थायी समिती आणि कमिशनर. तुमच्या टेबलाचं नाव त्यात कुठेच नाही. तुमची सगळी सत्ता तिसऱ्या गादीवरून उसनी आणलेली. उसन्या पैशाने घर बांधता येतं, हप्त्याची तारीख पाठ असली तर. म्हणून या खुर्चीवर बसल्या दिवसापासून तुमचं खरं काम एकच: हाती आलेला प्रत्येक प्रकल्प लवकरात लवकर कुठल्या तरी कायम शाखेच्या घरचा करणं. जो प्रकल्प शेवटपर्यंत 'बेनचा प्रोजेक्ट' राहिला, तो तुमच्यामागे वर्षभरसुद्धा टिकत नाही.

यासाठी मी एक प्रश्न सुचवतो, तो पहिल्याच बैठकीत विचारा. चारही तलाव तयार झाले, फीत कापली गेली, फोटो छापून आले. त्याच्या पुढच्या महिन्याचं लाइटबिल कुठली शाखा भरणार? पंपाचा ऑपरेटर कुणाचा? गेटाची किल्ली कुणाच्या चौकीदाराकडे? कांसेतला गाळ जूनच्या आधी कोण काढणार, प्री-मोन्सून कामाच्या कुठल्या यादीत ती येणार? बैठकीत शांतता पसरेल. उद्यान शाखा इजनेरांकडे बघेल, इजनेर आरोग्याकडे बघतील. ती शांतता मोडेपर्यंत अंदाजपत्रकाला हात लावू नका. सुंदर तलाव, बंद कारंजी आणि गंजलेला पंप हे दृश्य आपल्याकडे कुठल्याही शहरात बघायला मिळतं. त्यातलं बहुतेक ईजारदाराच्या चोरीमुळे घडत नाही, या शांततेमुळे घडतं.

आता तुमचा खरा सल, वरिष्ठ माझं का ऐकतील. ऐकणार नाहीत. आणि ऐकावं अशी रचना मागूही नका. नायब कार्यपालकाने कार्यपालकाला सूचना द्यायच्या, हे कुठल्याच ऑफिसात पचत नाही, बाईने द्यायच्या तर त्याहून नाही. हुकमात एक समिती मागा. अध्यक्ष डेप्युटी कमिशनर किंवा सिटी इजनेर, सभासद संबंधित शाखाप्रमुख, आणि तुम्ही सभ्य सचिव, म्हणजे सदस्य-सचिव. सूचना अध्यक्ष देतील. कार्यवृत्त तुम्ही लिहाल. या दुसऱ्या वाक्यात किती ताकद आहे ते वर्षभरात कळेल. बैठक संपली की त्याच संध्याकाळी, परतीच्या गाडीत बसायच्या आधी, पाऊण पानाचं कार्यवृत्त सगळ्यांना पाठवायचं. कुणी काय करायचं आणि कुठल्या तारखेला, बस. भाषण नाही, विशेषणं नाहीत. 'चर्चा करण्यात आली' हे वाक्य तर तुमच्या हातून कधी उतरूच नये. दोन दिवसांत हरकत आली नाही तर ते पक्कं. आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच कागदापासून.

'जोई लईशुं, बेन' (बघून घेऊ, ताई) हे उत्तर तुम्हाला रोज मिळेल. त्यावर चिडून साहेबांकडे जाऊ नका. ज्या दिवशी तुम्ही एखाद्या इजनेराला न दाखवता त्याच्याविषयीचं टिपण वर पाठवाल, त्या दिवसापासून त्याच्या शाखेतली प्रत्येक फाइल तुमच्यासाठी जिना चढायला लागेल. उशीर त्याचा असेल तरी टिपण आधी त्याला दाखवा: साहेब, हे असं लिहून पाठवतेय, तुम्हाला काही घालायचंय का? दहातले आठ जण काम करून टाकतात. उरलेल्या दोघांसाठी समितीचे अध्यक्ष आहेत. आणि काम झालं की वर्तमानपत्रात फोटो त्या इजनेराचा येऊ द्या. कष्ट तुमचे आणि हार त्याच्या गळ्यात, हे पहिल्या दोन वेळा टोचेल. तुमच्यासारख्या एवढी वर्षं शाखेत काढलेल्या बाईला मी हे सांगू शकतो. बाहेरून कंत्राटावर आलेल्या पोराला सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं, कारण त्याचं पुढचं कंत्राट त्या फोटोवर अवलंबून असतं.

पैशाबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, तरी सांगतो. साहेब कदाचित म्हणतील की स्पेशल प्रोजेक्ट्ससाठी वेगळं बजेट हेड उघडू, म्हणजे तुम्हाला मोकळीक राहील. नम्रपणे नको म्हणा. पैसा ज्या शाखेच्या हेडमध्ये, प्रकल्प त्या शाखेचा. तलावांचा पैसा उद्यानाकडे किंवा वरसादी गटार शाखेकडे राहू द्या. अंदाजपत्रक त्यांचं, तांत्रिक मंजुरी त्यांची, स्थायी समितीपुढची दरखास्त त्यांच्या सहीची, एन-प्रोक्योर या टेंडरच्या वेबसाइटवरचं टेंडर त्यांचं, बिलं त्यांची. तुमच्याकडे वेळापत्रक, आडवे येणारे कागद आणि पाठपुरावा. असं केलं की तुम्ही ईजारदारापासून चार हात लांब राहता, त्याचे फोन तुम्हाला येत नाहीत. शाखेला काम आपलं वाटतं. नवा कमिशनर आला तरी पुढच्या वर्षाच्या बजेटात ती रक्कम आपसूक येते, कारण शाखा ती सवयीने मागते. वेगळ्या हेडला मात्र आईबाप नसतो, आणि कात्री तिथे पहिली लागते.

आणि एक धोक्याची जागा. तलाव, कांस आणि पाऊस म्हटलं की एप्रिल-मेच्या सुमाराला कुणीतरी हळूच सुचवेल की टेंडरला वेळ नाही, महापालिका कायद्याच्या ६७(३)(सी) खाली घेऊन टाका. त्या कलमात कमिशनरला अचानक ओढवलेल्या, आधी न कळलेल्या आपत्तीत तातडीने पावलं उचलायची मुभा आहे, आणि लगेच स्थायी समितीला व सभेला कळवायचं बंधन आहे. पूल खचला, भिंत पडली, पूर आला, जरूर वापरावं. पण पाऊस दर वर्षी जूनमध्ये येतो, हे ऑडिटरलाही माहीत असतं. यात अनपेक्षित काय होतं, असा पेन्सिलीतला शेरा तीन वर्षांनी फाइलीवर येतो, तेव्हा साहेब दुसऱ्या जिल्ह्यात असतात आणि टिपण ज्याच्या अक्षरात असतं तो माणूस शोधला जातो. ते अक्षर तुमचं नसू द्या. यावर उपाय वेळेचा आहे. कांसेचं अंदाजपत्रक गणपतीच्या सुमाराला, तांत्रिक मंजुरी नवरात्रीच्या आत, टेंडर दिवाळीनंतर लगेच. तुमचा हुकूमच दिवाळीनंतर निघणार, म्हणजे पहिल्या पावसाळ्याआधी फार काही होणार नाही. साहेबांना ते आजच सांगून टाका. पहिल्या वर्षी सर्व्हे, लेव्हल आणि मालकीचे कागद, दुसऱ्या वर्षी खोदकाम. तलावाच्या हद्दीची मोजणी आणि सातबाऱ्याचा उतारा हातात नसताना खोदायला उतरलात, तर पहिली नोटीस शेजारच्या सोसायटीच्या वकिलाची येईल.

साहेबांची बदली होणारच. 'झाली तर' असं तुम्ही लिहिलंय, तिथे 'झाली की' असं वाचा. त्या दिवसापर्यंत जे स्थायी समितीच्या ठरावात आणि बजेटाच्या पुस्तकात गेलं ते राहील. जे साहेबांच्या व्हॉट्सअॅपवरच्या 'गो अहेड'मध्ये राहिलं ते त्यांच्या फोनबरोबर जाईल. म्हणून नगरसेवकांना टाळू नका. मोठ्या साहेबांच्या शेजारी बसणाऱ्यांना ती खोड लागते. प्रत्येक तलाव कुठल्या तरी वॉर्डात आहे, आणि त्या वॉर्डाच्या चार नगरसेवकांना काम काय चाललंय हे सभेत कळायच्या आधी तुमच्याकडून कळलं, तर नवा कमिशनर फाइल बाजूला ठेवायला लागला की पहिला आवाज तेच करतील. मला राजकारणात पडायचं नाही, असं तुम्ही म्हणाल. वॉर्डाच्या माणसाला वॉर्डातलं काम सांगणं म्हणजे राजकारण नव्हे. त्याने ईजारदाराचं नाव सुचवलं की तिथे ते सुरू होतं, आणि टेंडर शाखेचं असल्यामुळे तुम्ही हात वर करून मोकळ्या.

बडोद्यातलंच उदाहरण द्यायचं तर आजव्याचं पाणी १८९२ मध्ये गावात आलं. सयाजीरावांच्या मनातला तो त्या काळचा सगळ्यात मोठा स्पेशल प्रोजेक्टच म्हणायचा. त्यानंतर राज्य गेलं, संस्थान विलीन झालं, महापालिका आली, आणि आजही गावाच्या काही भागात तेच पाणी नळाला येतं. महाराजांचा फोटो भिंतीवर असतो म्हणून ते येत नाही. निमेट्याच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात रोज कुणीतरी पाळीवर जातं, म्हणून येतं. तुम्ही पाणीपुरवठ्यातल्या, पाळीची किंमत तुम्हाला ठाऊक आहे.

'वेळोवेळी सांगू ते' हे मात्र मला खटकतंय. केबिनशेजारी बसलेल्या हुशार माणसावर काय काय येऊन पडतं, त्याची यादी करत नाही: योगदिनाच्या खुर्च्या, मंत्र्यांच्या भेटीचं प्रेझेंटेशन, पुरस्काराचा अर्ज, कुणाच्या तरी भाषणाचे मुद्दे. नाही म्हणता येत नाही, हे मान्य. पण हातातल्या कामांचा एक पानाचा तक्ता करून ठेवा आणि नवीन काम आलं की तो पुढे करा: साहेब, यातलं कुठलं मागे ठेवू? साहेब शहाणे असतील तर दोनदा विचारल्यावर तिसऱ्यांदा दुसऱ्या कुणाला तरी बोलावतील. अर्धा दिवसाच्या ऑपरेटरवर समाधान मानू नका. ऑपरेटर कमी मिळाला तरी चालेल, पण एक सर्व्हेयर पूर्ण वेळ मागा. तलावाची आणि कांसेची लेव्हल घेणारा माणूस तुमच्या हाताशी नसेल, तर प्रत्येक वाद मताचा होईल.

तुमचा खासगी अहवाल (सीआर) कोण लिहिणार, हे हुकमात स्पष्ट करून घ्या. तुम्ही काम करणार साहेबांजवळ आणि अहवाल लिहिणार पाणीपुरवठ्याचे ते साइडिंगवाले वरिष्ठ, असं झालं तर कठीण. परत मूळ जागी यायची मुदतही लिहून घ्या, दोन वर्षं पुरे. दोन वर्षांनी तुम्हालाच थांबावंसं वाटलं तर मुदत वाढवायला कुणी अडवत नाही.

घरचं तुम्ही फार लिहिलं नाहीत, म्हणून मीही फार बोलत नाही. एवढंच सांगतो की जुलै-ऑगस्टमध्ये रात्री तिकडेच थांबायची वेळ येईल, कारण तलावाचं पाणी कुठल्या बाजूने चढतं ते मध्यरात्री उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि शेवटची गाडी तुमच्यासाठी थांबणार नाही. तिकडे राहायची सोय आत्ताच बघून ठेवा. संधी पुन्हा येणार नाही म्हणणाऱ्या नवऱ्याला त्या दोन महिन्यांतला घरचा चार्ज लेखी द्या, सासूबाईंच्या सहीने.

हुकमाचा मसुदा तुम्हाला दाखवतील का, असं विचाराल. मागितला तर दाखवतात. न मागता कुणी दाखवत नाही. समिती आणि सभ्य सचिवपद, कामांची नावं, पैसा कुठल्या शाखेच्या हेडमध्ये, खासगी अहवाल, मुदत, सर्व्हेयर, एवढं एका पानात टाइप करून साहेबांच्या पीएकडे याच आठवड्यात देऊन या. मसुदा हातात आला की शेवटचा परिच्छेद आधी वाचा. 'तसेच सोपवण्यात येतील ती अन्य कामे' तिथे असेलच. ती ओळ काढून घ्यायचा प्रयत्न करू नका, निघणार नाही. तिच्या पुढे 'समितीच्या मंजुरीने' एवढे दोन शब्द घालून घ्या.